राहून गेलेला विश्वासांगीकार

रविवार, १ सप्टेंबर

विश्वासांगीकार राहिला!

एकतीस वर्षांत पहिल्यांदा. उपदेश संपला, उपासनेच्या पुस्तकाची दोन पानं एकदम उलटली गेली आणि बोट थेट सूचनांवर जाऊन पडलं. तोंडाने बोटाचं ऐकलं. 'येत्या बुधवारी महिला मंडळाची सभा…' असं म्हणून मोकळा झालो आणि मग लक्षात आलं. मधलं कुठे गेलं? सगळ्यांनी उभं राहून, एका आवाजात, आपला कशावर विश्वास आहे ते सांगायचं – नेमकं तेवढंच राहिलं. बाकी काही राहिलं नाही. महिला मंडळ झालं. पंख्याच्या दुरुस्तीची सूचना झाली. मागच्या बाकावर सापडलेली छत्रीसुद्धा झाली.

मागे जायचा धीर झाला नाही. आशीर्वाद दिला, शेवटचं गीत सुरू झालं आणि नेहमीप्रमाणे मी बाजूच्या दाराने बाहेर. दोन चर्चच्या मंडळ्यांना मिळून एक पाळक, हा चार वर्षांपासूनचा कायदा. इथली उपासना साडेआठला, तिथली साडेदहाला, मध्ये चाळीस मिनिटांचा रस्ता. आपल्याच मंडळीच्या शेवटच्या गीताचं दुसरं कडवं मी आता गाडी सुरू करता करता ऐकतो.

तिकडे सगळं यथासांग. तिकडे अकरा माणसं, आणि त्यांतले एक आजोबा ठार बहिरे. विश्वासांगीकार ते स्वतःच खड्या आवाजात सुरू करतात, माझी वाट बघत नाहीत. मी नुसते ओठ हलवतो.

दुपारी जेवताना बायकोने विचारलं, 'आज कसं झालं?' पहिल्या बाकावर बसून सगळं ऐकते आणि तरी दर रविवारी विचारते. म्हटलं, बरं झालं. ती म्हणाली, 'हो, बरं झालं.'

सोमवार, २ सप्टेंबर

दिवसभर फोनकडे कान. आमचे सचिव म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. एकदा मी वचनाचा आकडा चुकीचा वाचला, तर माणूस दारातच पुस्तक उघडून उभा! त्यांचा फोन दुपारी आला. पंख्याबद्दल. मेकॅनिक गुरुवारी येणार म्हणे.

'आणखी काही?' मी विचारलं.

'आणखी काय, पाळकसाहेब? सगळं ठीक.'

फोन ठेवल्यावर जिवात जीव आला. आणि लगेच राग. कुणाचा, ते सांगता येणार नाही.

मंगळवार, ३ सप्टेंबर

केस कापायला गेलो. नेहमीचा न्हावी रजेवर, त्याच्या खुर्चीला नवा पोरगेलासा माणूस. कात्री चालवता चालवता म्हणाला, 'काका, काम काय करता?'

'पाळक आहे.'

'अच्छा. काय पाळता?'

समजावून सांगितलं. मग म्हणाला, 'हां हां, ती जुनी इमारत! मस्त आहे. आम्ही तिथे फोटो काढले होते.' आणि कानामागचे केस अगदी हळुवारपणे साफ केले. खवचटपणा काडीचाही नव्हता. तोच तर त्रास आहे! आमच्या आधीच्या पाळकांना लोकांनी शिव्या दिल्या, खिडक्यांवर दगड मारले. त्यांना उत्तर देता येत होतं. मला लोक रस्त्यात बाजूला होऊन वाट देतात. माझ्याशी कुणाचं भांडण नाही. भांडण व्हायला आधी माणसाच्या म्हणण्याने काही फरक पडावा लागतो.

गुरुवार, ५ सप्टेंबर

लग्नासाठी चर्च हवं म्हणून एक जोडपं आलं. दोघेही हसतमुख, दोघांच्याही हातात फोन. मधली वाट लांब आहे का ते त्यांनी पावलांनी मोजून बघितलं. पूर्वेच्या खिडकीतला उजेड किती वाजेपर्यंत असतो ते विचारलं. बाजाची पेटी हवी. झगा हवा – 'तुम्ही तो पांढरा घालता ना, तोच.' उपासना मात्र 'सगळ्यांना चालेल अशी'.

'म्हणजे कशी?'

मुलीने मुलाकडे पाहिलं. मुलगा म्हणाला, 'म्हणजे देव एकदा आला तरी चालेल. आजीसाठी.'

मी हो म्हटलं! डायरीत तारीख टिपून घेतली आणि समोर लिहिलं – 'देव एकदा'. आत्ता परत वाचलं तेव्हा हसू आलं, आणि हसू लवकर आटोपलं.

शनिवार, ७ सप्टेंबर

मुलीचा फोन. तारीख ठरली, २३ नोव्हेंबर, रजिस्टर लग्न. हे कानावर आलंच होतं. मी मनाची तयारी करून ठेवली होती, म्हणजे तयारी केली असं मनाला सांगून ठेवलं होतं.

'पप्पा, तुम्ही दोन शब्द बोलाल ना? फक्त… तसलं नको.'

'तसलं म्हणजे?'

'पप्पा!' ती हसली. मीही हसलो. मग ती अगदी लहानपणच्या आवाजात म्हणाली, 'खरं सांगा. तुमचा अजून विश्वास आहे? की सवय झालीये?'

'तुझ्या आईला विचार,' म्हटलं. तिला तो विनोद वाटला. बरं झालं.

पण प्रश्न काही फोनबरोबर बंद झाला नाही. देव नाही असं मला वाटत नाही. इतकं धाडस माझ्यात नाही. पण 'मी' म्हणून पुढचं वाक्य उच्चारता येत नाही. उपदेश करता येतो, कारण उपदेशात 'आपण' असतं. प्रार्थनेत 'आम्ही' असतं. विश्वासांगीकारात मात्र प्रत्येकाने आपलं आपण म्हणायचं. गेल्या रविवारी दोन पानं उलटली ती बोटानेच उलटली का?

रविवार, ८ सप्टेंबर

आज जाणूनबुजून गाळला.

लिहायलाही लाज वाटते. उपदेश संपला, पुस्तकाचं बरोबर ते पान समोर होतं, आणि मी शांतपणे पुढचं उलटलं. वाट बघत होतो. एक हात वर होईल, एक खोकला येईल, बाजा वाजवणाऱ्या शिवणबाई आपल्या कोपऱ्यातून मान वर करतील – त्या दाराजवळ बसतात, तिथून सगळं चर्च दिसतं. काही नाही! मी महिला मंडळाच्या सभेचं इतिवृत्त सांगितलं आणि सगळ्यांनी ऐकलं.

बाजूच्या दारापाशी मुख्याध्यापक भेटले. 'आज छान आटपलं,' म्हणाले, आणि माझ्या गाडीचं दार उघडून धरलं.

सोमवार, ९ सप्टेंबर

कुणीही नाही. एकही नाही.

गुरुवार, १२ सप्टेंबर

दवाखान्यात गेलो होतो. आमच्या चर्चची बाकं केलेले सुतारकाका आठवडाभर तिथे आहेत. दारावर नवी पद्धत – नाव, नातं, पट्टी गळ्यात.

'पेशंटचे कोण?'

'पाळक.'

काउंटरवरच्या मुलीने यादीवरून बोट फिरवलं. मुलगा, सून, शेजारी, मित्र, वकील. 'असा रकाना नाहीये काका. इतर लिहू?' लिहिलं. 'इतर' असं गळ्यात अडकवून मी तिसऱ्या मजल्यावर गेलो. नर्सने आधीच बजावलं, मोठ्याने प्रार्थना नको, बाजूच्यांना चालत नाही.

सुतारकाका बारीक झालेत. हात मात्र तेवढेच मोठे. म्हणाले, 'पाळकसाहेब, हळू करा, पण करा.' मी त्यांचा हात हातात घेतला, डोळे मिटले. शब्द आलाच नाही. एकही! एकतीस वर्षांत शेकडो खाटांशेजारी उभा राहिलेला माणूस, आणि तोंडात काही नाही. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी 'आमेन' तेवढं म्हटलं.

काकांनी डोळे उघडले. 'अगदी हळू केलीत,' म्हणाले. त्यांना वाटलं, नर्सच्या धाकाने. त्यांनी माझा हात दाबला, जणू मीच आजारी. खाली येऊन पट्टी परत दिली आणि गाडीत बसून राहिलो.

रविवार, १५ सप्टेंबर

तिसरा रविवार. गाळला. शांतता.

आता हे असंच चालू ठेवणं म्हणजे चोरी आहे. म्हणून आज स्वतःशी ठरवलं आणि इथे लिहून ठेवतो, म्हणजे नंतर पळवाट नको. ६ ऑक्टोबरपर्यंत. तोवर एका माणसाने, एकाच, येऊन विचारलं – 'पाळकसाहेब, विश्वासांगीकार का नाही?' – तर त्याच्यापुढे सगळं ओकून टाकायचं आणि तो म्हणेल तसं करायचं. राहा म्हणाला तर राहायचं. कुणीच विचारलं नाही तर बिशपसाहेबांना राजीनामा. ज्याची कुणाला उणीव भासत नाही, ते सांगायला पगारी माणूस कशाला?

लिहिल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं.

मंगळवार, १७ सप्टेंबर

राजीनामा देऊन जाणार कुठे? घर चर्चचं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून हात लांब केला तर चर्चच्या भिंतीला लागतो. गाडी चर्चची, फोन चर्चचा, नंबर बाहेरच्या फलकावर. या खुर्चीखाली पांढऱ्या रंगात आकडा घातलाय – मालमत्ता क्रमांक चौदा. म्हणजे देवाला नाकारायचं झालं तरी चर्चच्याच खुर्चीत बसून!

छप्पन्न पूर्ण. नोकरीच्या अर्जात काय लिहू? अनुभव – एकतीस वर्षे. कौशल्ये – उभं राहून बोलणे, बसून ऐकणे, सगळे रडत असताना न रडणे, आणि कुठल्याही घरात कितीही चहा पिणे. बायको औषधाच्या दुकानात सकाळपाळी करते, ती सुटणार नाही. पण तिला हे घर सोडायला लावायचं? मागच्या दारी तिने एवढीशी जागा धरून लावलेलं सगळं? आणि तिला सांगायचं तरी काय? ती पाळकाशी लग्न करून आली. पाळकच गेला तर उरलेल्याचं तिने काय करायचं?

शुक्रवार, २० सप्टेंबर

सुतारकाका घरी आले. बरे आहेत! त्याचं श्रेय त्यांनी मुलासमोर माझ्या प्रार्थनेला दिलं. मान खाली घालून ऐकून घेतलं.

शनिवार, २१ सप्टेंबर

मुलगी आणि तिचा तो, दोघे दिवसभर येऊन गेले. तो दातांचा डॉक्टर. चांगला आहे. इतका चांगला की नाव ठेवायला जागा मिळेना. बायकोला ताटं उचलू लागला. मी चर्च दाखवायला घेऊन गेलो तर पायरीवर आपसूक बूट काढायला वाकला. म्हटलं, इथे तसं नाही. तरी त्याने पाय नीट पुसले.

आत आल्यावर बराच वेळ उभा राहिला. 'किती शांत आहे,' म्हणाला. हे सगळेच म्हणतात. शांत असायला काय झालं, माणसंच नाहीत! मग म्हणाला, 'रागावू नका, पण मला तुमचा हेवा वाटतो.'

'माझा?'

'तुम्हाला खात्री आहे. आमच्याकडे घरात कुणालाच कशाचीच नाही. मला कधी कधी वाटतं, कुणीतरी एकाने तरी धरून ठेवायला हवं होतं.'

मी काय बोललो? खिडकीची काच कुठल्या साली बसवली ते सांगितलं!

जाताना मुलीने मला घट्ट मिठी मारली. 'पप्पा, बारीक झालात,' म्हणाली. बायको पलीकडे बघत होती.

रविवार, २२ सप्टेंबर

चौथा. आज पापांगीकारही गाळला. माझ्याच मनाला म्हटलं, बघू तरी किती सोलता येतं. आधी एक, मग दुसरं, असं करत करत शेवटी नुसत्या सूचना उरतील आणि लोक म्हणतील, छान झालं. मुख्याध्यापक गाडीपाशी होतेच. 'आज तिकडे जायला निवांत वेळ मिळेल तुम्हाला,' म्हणाले. चेष्टा नव्हती. माझ्या डब्यात बायकोने फळं कापून दिली होती, ती त्यांनीच आणून हातात दिली.

माणसं इतकी चांगली आणि इतकी बेफिकीर एकाच वेळी कशी असू शकतात?

बुधवार, २५ सप्टेंबर

बाजूच्या सभागृहात व्यायामाचा वर्ग सुरू झालाय, आठवड्यातून तीनदा. पंचकमिटीनेच परवानगी दिली. माझ्या खोलीत सगळं ऐकू येतं. 'श्वास घ्या. धरा. सोडा.' अडतीस बायका एका दमात श्वास धरतात! एकही मागे राहत नाही. कुणी घड्याळ बघत नाही. त्यांच्या बाईला उपदेशाचं टिपण लागत नाही, झगा लागत नाही.

मी रविवारचं लिहायला बसलो होतो. अर्ध्या तासाने लक्षात आलं, मीही श्वास धरत होतो आणि सोडत होतो. लिहिलं काहीच नव्हतं.

रविवार, २९ सप्टेंबर

पाचवा. आणि आज वाटलं, सुटलो!

उपासनेआधी झगा घालत होतो तर शिवणबाई आत आल्या. त्या कधी आत येत नाहीत. अठरा वर्षं बाजा वाजवतात, उरलेले सहा दिवस मशीनवर, आणि बोलतात मोजकं. दारात उभ्या राहून माझ्याकडे पाहिलं, अगदी थेट. 'पाळकसाहेब,' म्हणाल्या.

'बोला.' विचारा, मी मनात म्हटलं. बाई, विचारा. मी सगळं सांगतो, पाहिजे तर उपासनाही थांबवतो.

त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. मग पुढे येऊन माझी बाही धरली. 'उसवली आहे. उपासनेनंतर इथेच ठेवून जा, मी घेऊन जाईन.'

बाहीच! बाही खरोखर उसवली होती. मी झगा काढून ठेवला आणि दुसऱ्या मंडळीत साध्या शर्टावर उपासना घेतली. बहिऱ्या आजोबांना पसंत पडलं नाही.

मंगळवार, १ ऑक्टोबर

आज बायकोला सांगायचं असं सकाळीच ठरवलं. ती कामावरून आली, हातपाय धुतले, भाजी चिरायला बसली. मी समोर बसलो.

'मला काहीतरी सांगायचंय,' म्हटलं.

तिने सुरी खाली ठेवली. पदराला हात पुसले. असं ती कधी करत नाही, कुणीही काहीही सांगितलं तरी हात चालू असतात. 'सांगा,' म्हणाली. आणि बघत राहिली.

एकोणतीस वर्षं बघतोय तो चेहरा. काय सांगू? की तुझ्या नवऱ्याचं दुकान आतून रिकामं आहे? की तू पहिल्या बाकावर बसून जे ऐकतेस ते मला स्वतःला ऐकू येत नाही? आणि राग पण होताच, खोटं कशाला बोलू. पाच रविवार! पाच रविवार ती माझ्या समोर, दहा हातांवर बसली आहे. दुसऱ्या कुणाच्या नाही, पण तिच्याही लक्षात येऊ नये?

'न्हाणीघरातला नळ गळतोय,' म्हटलं.

तिने न्हाणीघराकडे पाहिलं. 'बरं,' म्हणाली. 'प्लंबरला सांगते.' आणि सुरी उचलली.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

प्लंबर येऊन गेला. नळाला काहीही झालेलं नाही.

रविवार, ६ ऑक्टोबर

सहावा. शेवटचा.

चर्चमध्ये पाय ठेवला आणि मोजली, सव्वीस माणसं. एकेकाकडे पाहिलं. मुख्याध्यापक. शिवणबाई. सुतारकाका, काठी घेऊन पहिल्यांदाच आलेले, मुलगा धरून आणत होता. बायको. यांच्यातल्या कितीजणांचा बाप्तिस्मा माझ्या हातून झाला, कितीजणांचे आईबाप मी पुरले. एकाने विचारावं. एवढंच. उपदेश संपल्यावर मी मुद्दाम थांबलो. पुस्तक मिटून ठेवलं आणि दोन्ही हात त्यावर ठेवून उभा राहिलो. मनात वीसपर्यंत आकडे मोजले. कुणी माझ्याकडे बघत होतं, कुणी मांडीकडे. चर्चमधला पंखा दुरुस्त झाल्यापासून आवाज करत नाही, त्यामुळे काहीच आवाज नव्हता.

मग सूचना सांगितल्या.

गाडीपाशी मुख्याध्यापकांनी दार उघडून धरलं आणि ते एकदम म्हणाले, 'पाळकसाहेब, तब्येतीला जपा.' मी म्हटलं, तब्येत उत्तम आहे. रस्त्यात एका ठिकाणी गाडी कडेला घेऊन थांबावं लागलं. रडू आवरेना.

सोमवार, ७ ऑक्टोबर

पत्र लिहिलं. चार कागद फाडले. पहिल्यात कारणं होती, दुसऱ्यात माफी, तिसऱ्यात तब्येतीचं खोटं. चौथ्यात जग बदललं, लोक बदलले, तरुण पिढी वगैरे होतं. ते तर लगेच फाडलं! जगाला काय दोष द्यायचा? जग निदान माझ्याशी खोटं बोललं नाही. 'आम्हाला नको,' असं त्याने सरळ सांगितलं. खोटं मी बोलत होतो, दर रविवारी दोनदा.

शेवटी पाचव्यावर तीन ओळी. या महिन्याअखेर मला सेवेतून मोकळं करावं. मी विश्वासांगीकार म्हणू शकत नाही. माझ्या मंडळीला त्याने फरक पडत नाही, हे मी पडताळून पाहिलं आहे.

बिशपसाहेबांच्या कार्यालयाला सहीचा कागदच लागतो. पाकिटात घातलं, पण चिकटवलं नाही.

बुधवार, ९ ऑक्टोबर

पाकीट पुस्तकात. पुस्तक टेबलावर. बायको झाडताना ते उचलते आणि परत तिथेच ठेवते.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

टाकलं.

पोस्टाच्या पेटीत हात घालून सोडेपर्यंत वाटत होतं, कुणीतरी मागून हाक मारेल. कुणी मारली नाही. परत येताना पाय हलके होतील असंही वाटलं होतं. तेही नाही. तेच फाटक, तोच फलक, फलकावर तोच नंबर. फाटकाशी व्यायामाच्या बायका भेटल्या, सगळ्यांनी हसून वाट दिली. बायकोला सोमवारी सांगेन. पोचल्याचं कळलं की सांगेन.

रविवार, १३ ऑक्टोबर

इकडचं आटपून निघालो, तर दुसऱ्याच चौकात रस्ता बंद. आज शहराची धावण्याची शर्यत, दुपारपर्यंत एकही गाडी जाणार नाही. तिकडे फोन करून कळवलं आणि दहा मिनिटांत परत फिरलो. चर्चचं दार उघडंच होतं.

मंडळी उभी होती. सगळे विश्वासांगीकार म्हणत होते, पहिल्यापासून शेवटपर्यंत. संपला तरी कुणी बसलं नाही. मुख्याध्यापक म्हणाले, 'आता पाळकसाहेबांच्या वाट्याचा.' आणि सगळ्यांनी पुन्हा सुरुवात केली.

दाराजवळ कुणी नव्या बाई होत्या, पाहुण्या असाव्यात. त्यांनी शिवणबाईंना काहीतरी विचारलं. शिवणबाई हलकेच म्हणाल्या, 'सातवा रविवार आहे. त्यांना म्हणता येईनासं झालंय, म्हणून आम्ही म्हणतो. त्यांच्याजवळ विषय काढू नका हं. विचारलं की त्यांना उत्तर द्यावं लागेल.'

सगळ्यांत मोठा आवाज पहिल्या बाकावरून येत होता. बायकोचा.

मी दाराबाहेरच उभा राहिलो. पत्र उद्या बिशपसाहेबांच्या टेबलावर असेल.